मॅन्युअल की ऑटोमॅटिक? बुकिंगची पावती फाडण्याआधी हे क्रमाने करा

गाडी ठरते, रंग ठरतो, डिलिव्हरी दसऱ्याला घ्यायची की पाडव्याला हेही ठरतं. गिअरबॉक्सचा प्रश्न निघतो सगळ्यात शेवटी, शोरूमच्या टेबलावर. ‘सर, फक्त पन्नास-साठ हजारांचा फरक आहे, ऑटोमॅटिकच घेऊन टाका.’ आणि आपण मान डोलावतो. सहा महिन्यांनी गाडी चढावर मागे येते, ओव्हरटेक करताना दम खाते, मागे बसलेली आई म्हणते ‘जरा सावकाश चालव की रे.’ याच्या उलट, पैसे वाचले म्हणून मॅन्युअल घेणारा रोज संध्याकाळी डावा गुडघा चोळत बसतो.

चूक मॅन्युअल घेण्यात नाही आणि ऑटोमॅटिक घेण्यातही नाही. ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात, आणि आपण त्यातलं कोणतं घेतोय हे न पाहता घेतो. दुसरी चूक क्रमाची: आधी मॉडेल, मग गिअरबॉक्स. क्रम उलटा करा. खाली दिलेल्या पायऱ्यांना दोन आठवडे लागतात. गाडी आठ-दहा वर्षं वापरायची असते, तेव्हा एवढा वेळ द्यायला हरकत नाही.

## १. आठवडाभर वही ठेवा

सध्या तुमच्याकडे जी गाडी आहे, नसेल तर ज्या रस्त्याने रोज जाता, त्याची सात दिवस नोंद करा. रोज चारच गोष्टी लिहायच्या: किती किलोमीटर झाले, किती मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गेली, चढावर किती वेळा थांबावं लागलं, आणि गाडी कोणी चालवली.

अंदाजाने लिहू नका. ‘माझा हायवेचाच वापर असतो’ असं म्हणणाऱ्या माणसाचा हायवे बऱ्याचदा महिन्यातून एकदा गावी जाण्यापुरता असतो. मी एका सोमवारी सकाळी भूमकर चौकापासून हिंजवडीच्या शिवाजी चौकापर्यंत क्लच किती वेळा दाबला ते मोजायला घेतलं. शंभरच्या पुढे मोजणं सोडून दिलं, चौक अजून आला नव्हता.

वही पाहून ढोबळ निर्णय असा: रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जात असेल (घोडबंदर रोड, सिंहगड रोड, हिंजवडी), तर ऑटोमॅटिकच्या बाजूने विचार करा. बहुतेक फिरणं मोकळ्या रस्त्यावर असेल, जसं सांगलीहून कोल्हापूर किंवा नगरहून संभाजीनगर, तर मॅन्युअल घेऊन तुमचं काही बिघडत नाही. उलट त्या पैशांत सहा एअरबॅगवालं वरचं व्हेरियंट येत असेल तर ते घ्या.

तपासा: नोंदीत एक तरी शनिवार-रविवार आहे ना? घरातल्या सगळ्यांना घेऊन केलेला प्रवास वेगळा असतो. पाच माणसं आणि डिकीत सामान असताना गाडी चढावर वेगळी वागते.

## २. स्टिअरिंगवर कोण कोण बसणार ते लिहा

गाडी एकाच्या नावावर असते, चालवतात तिघं. बायको, मुलगी, कधी मेव्हणा, लग्नसराईत बोलावलेले ड्रायव्हर काका. ज्याला क्लच जड जातो त्याचं मत पहिलं विचारा. गुडघ्याचं किंवा कमरेचं दुखणं असेल तर हा प्रश्न इथेच संपतो, पुढची सगळी गणितं ऑटोमॅटिकच्या आत करायची.

लायसन्सची काळजी नको. आपल्याकडे मोटारीच्या एलएमव्ही लायसन्सवर मॅन्युअल-ऑटोमॅटिक असा भेद नाही. तरीही घरात कोणी नव्याने शिकणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: शिकायचं मॅन्युअलवर, मग हवी ती गाडी घ्या. गावी कोणाची गाडी हलवायची वेळ आली तर अडत नाही. मुलगा किंवा मुलगी शिकायला ब्रिटनला जाणार असेल तर आणखी एक कारण: तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की मिळणाऱ्या लायसन्सवर मॅन्युअल गाडी चालवता येत नाही.

## ३. ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे नेमकं काय, ते ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

एएमटी. आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि मॅन्युअलचीच क्लच प्लेट असते. फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं हे काम तुमच्या पाया-हाताऐवजी एक यंत्रणा करते. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये ती आणली आणि स्वस्त ऑटोमॅटिकचं दार उघडलं. स्विफ्ट, वॅगनआर, बलेनो, टियागो यांतलं ऑटोमॅटिक हेच. मारुती त्याला एजीएस म्हणते. फायदा म्हणजे किंमत कमी आणि मायलेज मॅन्युअलएवढं. २०२४ च्या स्विफ्टचा तर कंपनीचा आकडा मॅन्युअलला २४.८० आणि एएमटीला २५.७५ किलोमीटर आहे. तोटा असा की गिअर बदलताना क्षणभर ताकद तुटते, आणि गाडीतल्या सगळ्यांच्या माना एकदम होकारार्थी हलतात.

टॉर्क कन्व्हर्टर. इथे क्लच प्लेट नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल काम करतं. त्यामुळे रांगत्या ट्रॅफिकमध्ये सगळ्यात निवांत आणि दणकट. ब्रेझा, अर्टिगा यांत सहा गिअरचा असा बॉक्स मिळतो. मायलेज थोडं कमी, किंमत बरीच जास्त.

सीव्हीटी. गिअरच नाहीत, दोन पुलींवर पट्टा फिरतो आणि प्रमाण सलग बदलत राहतं. होंडा सिटी आणि अमेझमध्ये आहे; ह्युंदाई आणि किया त्याला आयव्हीटी म्हणतात. शहरात लोण्यासारखी चालते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की मात्र आवाज आधी वाढतो, वेग मागून येतो. काहींना ते मुळीच खपत नाही.

डीसीटी. दोन क्लच असतात, एक सम गिअरचा, एक विषम गिअरचा. गिअर बदललेला कळतही नाही. हायवेवर मजा याचीच. पण यातले काही कोरड्या क्लचचे असतात, आणि तास-तासभर रांगत्या ट्रॅफिकमध्ये ते तापतात. टाटाच्या डीसीएसारखे (टाटा आपल्या डीसीटीला डीसीए म्हणते) तेलात बुडालेल्या क्लचचे बॉक्स उष्णता जास्त सोसतात. फोक्सवॅगन-स्कोडाचा डीएसजी हाही डीसीटीच.

इशारा: मॉडेलच्या नावावरून ठरवू नका. फ्राँक्समध्ये १.२ लिटर इंजिनाला एएमटी मिळतो आणि १.० टर्बोला टॉर्क कन्व्हर्टर. नेक्सॉन पेट्रोलमध्ये एएमटीही आहे आणि डीसीएही. मॅग्नाइटमध्ये साध्या इंजिनाला एएमटी, टर्बोला सीव्हीटी. ‘मित्राची फ्राँक्स ऑटोमॅटिक चालवली, भारी आहे’ म्हणून दुसऱ्याच इंजिनाची बुक केली, ही गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिली आहे. मित्राच्या आरसी बुकात डोकावलं असतं तर वेळ आली नसती.

सीएनजी हवी असेल तर पर्याय एकदम आक्रसतात. कंपनीतून येणाऱ्या सीएनजी गाड्या बहुतांशी मॅन्युअल आहेत. टाटाने २०२४ मध्ये टियागो आणि टिगोर सीएनजीत एएमटी आणला, त्यामुळे दार किलकिलं झालं, एवढंच. आणि घरी चार्जिंगची सोय असेल, रोजचं फिरणं ठरावीक असेल, तर इलेक्ट्रिकही पाहा. तिथे गिअरचा वादच नाही.

## ४. पैसे ‘ऑन रोड’ मोजा

ब्रोशरवरचा फरक हा खरा फरक नसतो. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांना १२ टक्के रोड टॅक्स आहे. समजा मॅन्युअल ९,७०,००० आणि तेच व्हेरियंट एएमटीत १०,२०,०००. ब्रोशरमध्ये फरक ५०,०००. पण टॅक्स पहिल्यावर १,०६,७०० आणि दुसऱ्यावर १,२२,४००, म्हणजे आणखी १५,७००. वर किंमत १० लाखांच्या पुढे गेली म्हणून १ टक्का टीसीएस (विक्रेता तिथेच गोळा करतो तो आयकर), १०,२००. हा रिटर्न भरताना वळता होतो, पण डिलिव्हरीच्या दिवशी खिशातूनच द्यावा लागतो. इन्शुरन्स वेगळाच. पन्नास हजारांचे पाऊण लाख असे होतात.

मग महिन्याचा हिशेब करा. टॉर्क कन्व्हर्टरसाठी समजा १,३०,००० ज्यादा पडले आणि ते कर्जात घातले, तर ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता साधारण २,७०० रुपयांनी वाढतो. महिन्याला १,००० किलोमीटर फिरणं असेल, आणि मॅन्युअल १५ देत असताना टॉर्क कन्व्हर्टर १३ देत असेल, तर साधारण १० लिटर पेट्रोल जास्त लागतं, म्हणजे वरचे हजारभर रुपये. हे पैसे कमरेच्या आणि डोक्याच्या शांततेसाठी द्यायचे की नाहीत, हे पहिल्या पायरीतली वही सांगेल.

नेहमीची चूक: बेस मॅन्युअल आणि टॉप ऑटोमॅटिक यांची तुलना. मध्ये सनरूफ, अलॉय, मोठी स्क्रीन यांचेही पैसे असतात. एकाच व्हेरियंटचे दोन्ही भाव शेजारी लिहा. ते व्हेरियंट ऑटोमॅटिकमध्ये येतच नसेल, तर नको असलेल्या वस्तूंचे पैसे आपण देतोय हे मान्य करून पुढे जा.

## ५. टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रस्त्यावर घ्या

माझी पहिली एएमटी टेस्ट ड्राइव्ह सकाळी अकरा वाजता झाली होती. रिकामा रुंद रस्ता, दहा मिनिटं, गाडी एकदम छान. तीच घेतली. पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या बेसमेंटमधून वर येताना रॅम्पच्या मधोमध थांबावं लागलं, कारण वर वॉचमन एका टेम्पोची नोंद करत होता. टेम्पो हलला, मी ब्रेकवरून पाय उचलला आणि गाडी पुढे जायच्या आधी हातभर मागे आली. मागे शेजाऱ्यांची नवी कोरी गाडी. हॉर्न त्यांनी वाजवला, घाम मला फुटला. त्या व्हेरियंटला हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नव्हता, आणि मी विचारलाही नव्हता.

म्हणून शोरूमला फोन करून गाडी घरी मागवा, संध्याकाळी सहा-साडेसहाची वेळ घ्या, आणि तुम्हाला हवा तोच गिअरबॉक्स, तेच इंजिन असलेली गाडी आहे ना हे फोनवरच पक्कं करा. मग या क्रमाने:

१. रांगतं ट्रॅफिक. ब्रेकवरून पाय हळू उचला, अॅक्सिलरेटर दाबू नका. गाडी आपणहून सरकायला हवी. ती गुळगुळीत सरकते की हिसका देऊन, ते पाहा. पाच मिनिटं तरी हेच करा.

२. चढ. तुमच्याच सोसायटीचा रॅम्प सगळ्यात उत्तम. मध्यावर थांबा, ब्रेक सोडा, पाय अॅक्सिलरेटरवर न्या. हिल होल्ड असेल तर गाडी साधारण दोन सेकंद धरून ठेवते. नसेल तर किती मागे येते ते पाहा. मागे आधी रिकामी जागा असल्याची खात्री करा.

३. ओव्हरटेक. मोकळा रस्ता मिळाला की ४० वरून ८० पर्यंत न्या. एएमटी एक श्वास घेईल, मग उचलेल. तो श्वास तुम्हाला चालणार आहे का? सिंगल रोडवर समोरून एसटी येत असताना चालणार आहे का? नंतर हेच ‘एम’ मोडमध्ये, गिअर स्वतः खाली आणून करून पाहा. बराच फरक जाणवतो.

४. स्पीड ब्रेकर आणि यू-टर्न. वेग कमी होऊन पुन्हा उचलताना काही बॉक्स गोंधळतात, कोणता गिअर टाकू असा विचार करत बसतात.

५. मागची सीट. दहा मिनिटं स्वतः मागे बसा. शक्य असेल तर घरातल्या ज्येष्ठांनाही बसवा. चालवणाऱ्याला न जाणवणारे हिसके मागच्याला जाणवतात.

त्याच दिवशी मॅन्युअलही चालवा. आठवड्याच्या अंतराने चालवलेल्या दोन गाड्यांची तुलना होत नाही. नव्या मॅन्युअल गाड्यांचे क्लच आता बरेच हलके आहेत. तुमची तक्रार मॅन्युअलबद्दल आहे की जुन्या गाडीच्या दगड झालेल्या क्लचबद्दल, हेही तेव्हाच कळतं.

थांबा आणि तपासा: सेल्समन शेजारी बसून ‘सर, सवय होईल’ म्हणाला, तर कशाची सवय होईल ते लिहून घ्या. बहुतेक वेळा तीच गोष्ट पुढे खटकते.

## ६. वर्कशॉपमध्ये तीन प्रश्न

सेल्सच्या टेबलावर नाही, मागे सर्व्हिसच्या काउंटरवर विचारा.

एक, या गिअरबॉक्सचं तेल किती किलोमीटरला बदलायचं आणि खर्च किती? ‘लाइफटाइम आहे, बदलावं लागत नाही’ असं उत्तर आलं तर ओनर्स मॅन्युअलचं ते पान मागा.

दोन, क्लच सेटची मजुरीसह किंमत काय? हा प्रश्न मॅन्युअल आणि एएमटी दोन्हींना लागू आहे. एएमटीतही क्लच प्लेट झिजते आणि झीज सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

तीन, गिअरबॉक्सचं काम इथेच होतं की गाडी दुसऱ्या शहरात पाठवता? मोठ्या शहरात हा प्रश्न फारसा पडत नाही. तालुक्याच्या गावी राहत असाल तर माझ्या मते हा एकच प्रश्न निकाल लावायला पुरेसा आहे.

## ७. ऑटोमॅटिक घेतली असेल तर पहिले पंधरा दिवस

डावा पाय बांधून ठेवल्यासारखा ठेवा. तो क्लच शोधत ब्रेकवर जातो, आणि क्लच दाबायच्या जोराने ब्रेक दाबतो. मागचा येऊन आदळतो. डावा पाय डावीकडच्या विश्रांतीच्या जागी टेकवून ठेवा. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने. सैल चप्पल घालून बसू नका.

‘डी’ (पुढे) किंवा ‘आर’ (मागे) टाकण्याआधी उजवा पाय ब्रेकवर आहे हे डोळ्यांनी पाहा. पार्किंगमधले भिंतीवर आदळण्याचे प्रकार इथूनच होतात.

चढावर अॅक्सिलरेटर दाबून गाडी तोलून धरू नका. एएमटी आणि डीसीटीमध्ये त्याने क्लच जळतो, मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर धरल्यासारखाच. जळक्या रबरासारखा वास आला की समजा. ब्रेक लावून थांबा, सिग्नल लांबला तर एन (न्यूट्रल) आणि हँडब्रेक.

एएमटीचा हिसका कमी करता येतो. गिअर बदलायची वेळ आली असं वाटलं की अॅक्सिलरेटर किंचित सोडा, जसा मॅन्युअलमध्ये सोडतो. आठवडाभरात पायाला ती लय सापडते आणि मागच्यांच्या माना हलायच्या थांबतात.

घाट उतरताना ‘एन’ नाही. ‘ज्या गिअरवर घाट चढलो त्याच गिअरवर उतरायचं’ हा ट्रकवाल्यांचा नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे. खंबाटकी असो, आंबा घाट असो की ताम्हिणी, ‘एम’ मध्ये घेऊन दुसरा-तिसरा गिअर धरा. सीव्हीटीत ‘एल’ किंवा ‘एस’ असेल तर ते वापरा. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून ढिले पडतात.

पार्किंगचा क्रम. उतारावर गाडी लावताना: ब्रेक, मग एन, मग हँडब्रेक, ब्रेक हलका सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या, आणि शेवटी पी (पार्क). थेट पी टाकून ब्रेक सोडला तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका लहानशा खिट्टीवर येतो. बऱ्याच एएमटी गाड्यांना पी नसतोच. त्यांत गाडी बंद करताना गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक लावतात. तुमच्या गाडीची नेमकी रीत ओनर्स मॅन्युअलमध्ये वाचा.

बॅटरी उतरली तर ढकलून चालू होणार नाही. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत धक्का स्टार्ट नाहीच. डिकीत जंपर केबल ठेवा. गाडी बंद पडून न्यायची झाली तर दोरीने ओढू नका, चाकं जमिनीवर न टेकता नेणारी फ्लॅटबेड मागवा.

मॅन्युअल घेतली असेल तर यादी दोन ओळींची. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवू नका आणि सिग्नलला गिअर न्यूट्रलमध्ये आणून पाय काढा. आणि घरात एक मॅन्युअल, एक ऑटोमॅटिक अशा दोन गाड्या असतील, तर किल्ल्यांना वेगवेगळ्या रंगाचे कीचेन लावा. हसू येईल, पण आमच्याकडे ऑटोमॅटिकची सवय झालेल्या माणसाने मॅन्युअल गाडी गिअरमध्ये असतानाच किल्ली फिरवली होती. तुळशीवृंदावन थोडक्यात वाचलं.